लिमा म्हणजे हात

पडवीतल्या खांबाला एक कॅलेंडर टांगलेलं होतं. आपल्या कालनिर्णयासारखंच. एकेका चौकोनात बारीक अक्षरांची दाटी, पौर्णिमेला लाल ठिपका, अमावास्येला काळा. भाषा कळत नव्हती, आकडे कळत होते. मार्चच्या पानावर वरच्या कोपऱ्यात 'साका' असा शब्द होता आणि त्यापुढे 1945. बावीस तारखेचा चौकोन लाल होता.

मी तिथेच उभी राहिले. शके 1945. 22 मार्च 2023. आमचा गुढीपाडवा.

बालीत येऊन मला तेव्हा आठवडा झाला होता. घरून निघताना आईनं पिशवीत साखरेची गाठी घातली होती, पाडव्याला देवापुढे ठेव म्हणून. आपण पाडवा सोबत घेऊन चाललोय अशा समजुतीत मी ती गाठी कपड्यांच्या घडीत जपत आणली होती. आणि इथे उबुदजवळच्या एका खेड्यात, तांदळाच्या खाचरांमध्ये वसलेल्या घरात, शालिवाहन शक माझ्या कितीतरी आधी येऊन राहिलेला होता. त्या दिवसाला इथे न्येपी म्हणतात. नव्या शकाचा पहिला दिवस. दर वर्षी आपले दिवस जुळतात असं नाही. अधिकमासाचं त्यांचं गणित वेगळं आहे, त्यामुळे 2024 साली न्येपी 11 मार्चला आली आणि पाडवा 9 एप्रिलला. पण वर्षाचा आकडा एकच.

खरं सांगते, पहिल्या क्षणी छाती फुगली. आपलं, असं वाटलं. बालीत जाऊन आलेले आपले लोक हेच सांगतात ना: बघा, हजारो मैलांवर त्यांनी आपली संस्कृती कशी जपलीय! मीही तेच सांगायच्या तयारीत होते. त्या 'आपलं'ची गाठ मग हळूहळू सैल होत गेली. ती सैल केली त्या घरच्या ईबूनं. ईबू म्हणजे आई. वयानं मोठ्या बाईला तिकडे असंच हाक मारतात.

ईबू रोज पहाटे पडवीत पाय पसरून बसायची. शेजारी नारळाच्या कोवळ्या पिवळसर पातींचा भारा, मांडीवर छोटा सुरा. पात हातभर कापायची, दुमडायची, कोपऱ्यांवर बांबूची बारीक काडी टोचायची की चौकोनी ताटली तयार. एक, दोन, दहा, वीस. बोलत असायची, नातवावर ओरडत असायची, हात मात्र थांबत नसत. ती काडी टोचताना पाहिलं आणि मला माझी आजी दिसली. आमच्या गावच्या घरी ती पळसाच्या पत्रावळी लावायची ना, अगदी तसंच. डाव्या अंगठ्यानं पान दाबायचं, उजव्या हातानं हीर आरपार घालायचा आणि उरलेलं टोक कट्कन मोडायचं. तो मोडण्याचा आवाजसुद्धा तोच.

या ताटलीत पानाचा छोटा विडा येतो, त्यात सुपारी आणि चुना. तीन वस्तू, तीन देव: ब्रह्मा, विष्णू, शिव. त्यावर फुलं, तीही दिशा धरून. पांढरी पूर्वेला, लाल दक्षिणेला, पिवळी पश्चिमेला, निळी किंवा हिरवट उत्तरेला. वर पंडानसच्या, म्हणजे केवड्याच्या जातीतल्या पानाचा हिरवा कीस. याला चनांग सारी म्हणतात. मग ईबू कमरेला शेला बांधून घरभर फिरायची. अंगणातल्या कुलदेवळात, दारात, स्वयंपाकघरात, नातवाच्या स्कूटरवर, रस्त्याच्या कडेला. उदबत्ती, फुलानं शिंपडलेलं तीर्थ, हाताची तीन बोटं धुराकडून देवाकडे हळूच वळलेली. झालं. दहा मिनिटांत कुत्रा येऊन त्यातलं बिस्कीट खायचा, स्कूटर ताटली तुडवून जायची. पहिल्या दिवशी मी हळहळले. ईबूला काहीच वाटलं नाही. द्यायचं ते देऊन झालं होतं. उरली ती पानं आणि फुलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाती, पुन्हा सुरा.

मी तिच्याकडून आकडे शिकत होते. पाचाला लिमा. हा शब्द मला ओळखीचा वाटला, कारण मलय भाषेत पाच म्हणजे लिमा, फिलिपीन्सच्या तागालोगमध्ये लिमा, आणि थेट हवाईतही लिमाच. ईबूनं पंजा पसरून दाखवला आणि म्हणाली, हेही लिमा. बाली भाषेत हात आणि पाच यांना एकच शब्द आहे.

बालीची मुळं शोधायची तर या शब्दापाशी जावं लागतं, संस्कृतच्याही मागे. चारेक हजार वर्षांपूर्वी तैवानकडून निघालेली दर्यावर्दी माणसं फिलिपीन्स, सुलावेसी करत या बेटांवर पोचली. होड्या, तांदूळ, डुक्कर, कोंबडी आणि आपली भाषा घेऊन आली. तिला आज ऑस्ट्रोनेशियन म्हणतात. हीच भाषा बोलणारी पुढे मादागास्करपर्यंत गेली आणि ईस्टर बेटापर्यंतही. बाली ही त्या अफाट जलप्रवासातली एक वस्ती. डोंगर पवित्र मानणं, मेलेल्या वाडवडिलांना देवपण देणं, त्यांना ठरल्या दिवशी घरी बोलावणं हे सगळं या माणसांचं स्वतःचं होतं. शिव आणि विष्णू नंतर आले.

कसे आले त्याचा एक धागा उत्तर किनाऱ्यावर सापडला. सेम्बिरान आणि पाचुंग या गावांत उत्खननात दक्षिण भारतातल्या अरिकामेडूशी नातं सांगणारी खापरं निघाली, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. म्हणजे सातवाहनांच्या काळात आपल्या देशाचा माल बालीच्या किनाऱ्याला लागत होता. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रांचा बालीतल्या पुरुषांमध्ये 2005 साली अभ्यास झाला, त्यात साधारण 12 टक्के वंशधागे भारताकडचे दिसले. बाकीचे बहुतेक त्या दर्यावर्दी माणसांचे. मला हा आकडा फार बोलका वाटतो. पाहुणे आले, काही राहिले, सोयरिकी झाल्या. घर मात्र घरच्यांचंच राहिलं.

पेजेंगच्या देवळात मी त्या घरच्यांचं सर्वांत जुनं वैभव पाहिलं. उंच मचाणावर ठेवलेला काशाचा नगारा. जवळजवळ माणसाएवढा उंच, 186 सेंटीमीटर. कुशीवर टपोऱ्या डोळ्यांचे मुखवटे कोरलेले, पण खालून मान वर करून ते नीट दिसत नाहीत. लोक याला पेजेंगचा चंद्र म्हणतात. आकाशात पूर्वी चंद्राचं एक चाक होतं, ते निखळून झाडावर पडलं आणि रात्रभर झळाळत राहिलं. एका चोराला उजेडाची अडचण झाली म्हणून तो वर चढून त्यावर मुतला, चाक विझलं, आणि चोरही मेला अशी कथा सांगतात. दोनेक हजार वर्षांपूर्वीचं ओतकाम आहे हे. अशा नगाऱ्यांच्या दगडी साच्यांचे तुकडे जवळच्या मनुआबा गावात मिळालेत, त्यामुळे ते बेटावर होत असे हे नक्की. ज्या हातांनी हे ओतलं त्यांना संस्कृतचं अक्षरही ठाऊक नव्हतं. आज त्या चंद्रापुढे ताज्या फुलांची ताटली असते, आणि देऊळ हिंदू आहे.

सनूरला समुद्राजवळच्या गल्लीत ब्लांजोंगचा स्तंभ काचेआड उभा आहे. राजा श्री केसरी वर्मदेव, शके 835, फाल्गुन महिना. म्हणजे इसवी सन 914. कोरीव लेखात एक गंमत आहे. संस्कृत मजकूर स्थानिक लिपीत आणि जुन्या बाली भाषेतला मजकूर नागरी वळणाच्या लिपीत. माझं बोट काचेवरून त्या नागरी वळणांमागे फिरत होतं. फाल्गुन वाचला की आपल्याला होळी आठवते. कोरणाऱ्याला काय आठवलं असेल? याच लेखात बेटाचं नाव वालीद्वीप असं येतं. वाली, बली, म्हणजे देवाला अर्पण केलेलं. आपल्याकडे काकबळी, भूतबळी म्हणतात तो बळी. बळीराजाशी या नावाची गाठ मारायचा मोह होतो, पण तशी गाठ नाही. अर्पणाचं बेट, इतकंच पुरेसं आहे.

त्याहून जुना ताम्रपट सुकावानाचा, शके 804 चा, म्हणजे 882. चिंतामणी नावाच्या टेकडीवर भिक्षूंनी मठ आणि वाटसरूंसाठी उतरण्याची जागा बांधावी असं त्यात आहे. त्या चिंतामणीचं आज किंतामणी झालंय. ज्वालामुखीच्या काठावर बस थांबते तेव्हा कंडक्टर तेच ओरडतो. थेऊरला जाणाऱ्या माणसाच्या कानाला हे नाव सुखावणारच.

पण मग मी तेंगानानला गेले. पूर्वेकडच्या डोंगरातलं हे गाव बाली आगांचं, म्हणजे मजपाहित या जावा बेटावरच्या साम्राज्याच्या राजवटीआधीपासूनच्या चालीरीती धरून राहिलेल्यांचं. 1343 साली गजह मद या मजपाहितच्या महामंत्र्यानं बाली जिंकलं, दरबार, जाती, पुरोहित यांची नवी घडी बसली. हे गाव त्या घडीत पुरतं बसलंच नाही. इथे मुख्य देव इंद्र. इथे माणूस गेला की जाळत नाहीत, पुरतात. बालीची भव्य अंत्ययात्रा, उंच मनोरे, बैलाच्या आकाराची शवपेटी हे सगळं आपण चित्रांतून पाहिलेलं असतं, पण तेही सगळ्या बालीचं नव्हे. एका घरासमोर एक बाई मागावर बसली होती. गेरिंगसिंग विणत होती. ताणा आणि बाणा दोन्ही आधी बांधून रंगवायचे आणि मग विणताना ठिपक्यावर ठिपका आणायचा. पाटणच्या पटोळ्यात हेच होतं. संपूर्ण इंडोनेशियात ही दुहेरी बांधणी फक्त याच गावात. सुईच्या टोकानं ती धागा इकडून तिकडे सरकवत होती, केसभर, मग पुन्हा केसभर. एका वस्त्राला काही वर्षं लागतात. गेरिंग म्हणजे आजार, सिंग म्हणजे नाही. अंगावर घेतलेल्या माणसाला रोग शिवत नाही अशी श्रद्धा. मी किंमत विचारली नाही. विचारवेना.

परतताना गाडीतून खाचरं दिसत होती, एकाखाली एक उतरणारी. या पाण्याची गोष्ट मला बालीतल्या कुठल्याही देवळाहून मोठी वाटते. बातुरच्या ज्वालामुखीमुखात सरोवर आहे, तिथली देवी दानू. तिच्या देवळापासून थेट एखाद्या बांधाच्या कोपऱ्यातल्या दगडी देव्हाऱ्यापर्यंत जलमंदिरांची उतरंड लागलेली आहे. एका पाटावरचे शेतकरी मिळून सुबाक होतो. कुणी कधी लावणी करायची, कुणाचं शेत कधी पडीक राहायचं, ते देवळात बसून ठरतं. आजूबाजूची शेतं एकाच वेळी पडीक राहिली की किडीला खायला उरत नाही. सत्तरच्या दशकात सरकारनं नवी बियाणी आणून, थांबू नका, लावत राहा, असा लकडा लावला. देवळांचं वेळापत्रक मोडलं आणि तुडतुड्यांनी व रोगांनी पीक खाल्लं. स्टीफन लॅन्सिंग या मानववंशशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की पूजेचं वेळापत्रक हेच शेतीचं वेळापत्रक होतं. शेतकऱ्यांना ते ठाऊकच होतं. 2012 मध्ये युनेस्कोनं सुबाकला जागतिक वारसा म्हटलं. आपल्याकडे पांझरेकाठच्या फड पद्धतीत पाणी असंच मिळून वाटत. त्या पाटांची आज काय गत आहे ते धुळ्याकडच्यांनी सांगावं.

बालीत काहीच बदललं नाही असंही नाही, आणि तसं म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे. स्वतंत्र इंडोनेशियाच्या धर्म खात्यानं आरंभी त्यांचा धर्म धर्म म्हणून मानलाच नाही. एक देव दाखवा, ग्रंथ दाखवा. 1950 च्या दशकात बालीच्या लोकांनी त्यासाठी मोठी खटपट केली. मुलं भारतात शिकायला आली, काही शांतिनिकेतनात शिकली. सांग ह्यांग विधी या एका परमेश्वराचं नाव पुढे आलं, गायत्री मंत्रानं सुरू होणारी त्रिसंध्या घडवली गेली. 1958 मध्ये मान्यता मिळाली, 1959 मध्ये त्यांची परिषद स्थापन झाली. आज सकाळी सहाला लाउडस्पीकरवर गायत्री ऐकून आपल्या पर्यटकांचे डोळे भरतात. माझेही भरले. पण त्यामागे लहानशा समाजानं देशाच्या कागदांवर आपलं नाव राहावं म्हणून दिलेला झगडा आहे, हे कळल्यावर जे भरून येतं ते जास्त खरं.

आजची अडचण निराळी आहे. भातशेतांवर व्हिला उभे राहताहेत. चनांगच्या पाती जावाहून ट्रकनं येतात. नोकरीवरच्या बायका बाजारातून तयार ताटल्या घेतात, काडीऐवजी पिना मारलेल्या. ईबूची सूनही घेते. ईबूला मी त्यावर विचारलं तर ती म्हणाली, ठेवते ना रोज? मग झालं.

न्येपीच्या आदल्या संध्याकाळी गावातून ओगोह-ओगोह निघाले, बांबू आणि कागदाचे दोन-दोन मजली राक्षस, लोंबत्या जिभा, पोरांच्या खांद्यांवर चौकाचौकांत गरगर फिरवलेले. थाळ्या, ढोल, मशाली. घराघरांतून लोक भांडी बडवत बाहेर पडले. सगळ्या भुतांना जागं करायचं. मग रात्री तो गोंगाट ओसरला, आणि पहाटे सहाला बाली बंद झालं.

चार गोष्टी वर्ज्य. अग्नी नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. सुमारे त्रेचाळीस लाखांचं बेट. विमानतळ चोवीस तास बंद. मोबाइलचं इंटरनेटही बंद. रस्त्यावर फक्त काळ्यापांढऱ्या चौकटीच्या लुंग्या नेसलेले गावचे राखणदार, पेचालांग, अनवाणी असावेत असे बिनआवाज चालत. इस्पितळं तेवढी चालू. चूल पेटली नाही, आदल्या दिवशीचं गार जेवलो. जागी झालेली भुतं वरून बघतात, बेट ओसाड दिसतं, आणि निघून जातात, असं नातवानं मला कानात सांगितलं. कुजबुजूनच, कारण भूत ऐकेल.

दुपारी पडवीत बसून मला 25 मार्च 2020 आठवला. त्या वर्षीही पाडवा आणि न्येपी एकाच दिवशी होते, आणि आपल्याकडे देशभर टाळेबंदीचा तो पहिला दिवस होता. आमच्या सोसायटीत गुढ्या उभ्या होत्या आणि रस्ता रिकामा. त्या शांततेला घाबरून आम्ही दिवसभर टीव्ही लावून ठेवला होता. इथे तीच शांतता माणसं वर्षातून एकदा स्वतः आणतात, आणि ईबू त्यात झोपाळल्या मांजरासारखी सुखात बसली होती. हात मांडीवर, रिकामे. आठवड्यात पहिल्यांदाच मी ते हात रिकामे पाहिले.

रात्र पडली. प्रतिपदेची रात्र, चंद्र नाही. बेटावर एक दिवा नाही. अंगणात आले आणि मान वर केली तर आकाश खाली आलेलं. आकाशगंगा मी चित्रांत पाहिली होती. ती इतकी दाट, डोक्यावर सांडलेली असते हे माहीत नव्हतं. पेजेंगचा नगारा ओतणाऱ्यांनी, ब्लांजोंगला फाल्गुन कोरणाऱ्यानं रोज हेच आकाश पाहिलं असणार. बराच वेळ उभी होते. पाल चुकचुकली, लांब खाचरात बेडूक. ईबू अंधारातूनच म्हणाली, झोप आता.

सकाळी सहाला कुठेतरी कुलकुल, म्हणजे गावाला हाक देणारा पोकळ लाकडी ठोकळा, वाजला आणि स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. चूल पेटली. भात शिजल्यावर कुणीही जेवायच्या आधी ईबूनं केळीच्या पानाचे रुपयाएवढे तुकडे कापले, त्यावर चिमूट चिमूट भात आणि मीठ ठेवलं. हेही रोजचंच. एक चुलीवर, एक पाण्यापाशी, एक वरवंट्यापाशी, एक सुरीपाशी, एक केरसुणीपाशी. माझी आजी वैश्वदेवाच्या वेळी म्हणायची, चूल, पाटा, उखळ, केरसुणी, माठ, या पाचांखाली न दिसणारे जीव चिरडतात, म्हणून आधी त्यांना. मी तिच्याजवळ बसून हे ऐकलं तेव्हा सहा वर्षांची असेन. आमच्या घरी आता कुणी करत नाही.

मी खोलीतून गाठी आणून ईबूपुढे धरली. काय आहे, तिनं खुणेनं विचारलं. साखर, म्हटलं, आमच्या नव्या वर्षाची. तिनं ती हातात घेतली, एकेक बत्तासा दाबून पाहिला, वास घेतला. मग दोऱ्यातून एक तोडला, अंगठ्यानं चुरला आणि पानांच्या पाचही तुकड्यांवर थोडा थोडा घातला. पाण्यापाशी ठेवायचा तुकडा माझ्या हातात दिला.

मी नळाखालच्या दगडावर तो ठेवला. मागे सरले तोवर एक मुंगी आली होती. मग दुसरी.